कातकामासाठी लाकूड आणायला कोणती गाडी घ्यावी?

कातारी_कुडाळ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

मी कुडाळ तालुक्यात राहतो आणि गेली सहा वर्षे लेथवर लाकूड कातून वाडगे, ताटल्या, फुलदाण्या, लाटणी आणि थोडीफार खेळणी बनवतो. तयार माल गोव्यातील दोन दुकानांत आणि वर्षातून तीन-चार वेळा कोल्हापूर-पुण्याच्या प्रदर्शनांत जातो. लाकूड मात्र बहुतेक आसपासच्या बागायतदारांकडूनच मिळते. जुनी, फळ धरेनाशी झालेली आंब्या-फणसाची झाडे परवानगी घेऊन काढली जातात किंवा पावसात एखादे झाड मांगरावर (शेतघरावर) आडवे होते, तेव्हा मालक फोन करून "येऊन बघून जा" म्हणतात. खेळण्यांसाठी लागणारा पांगारा कुंपणांतून मिळतो आणि शिवण किंवा सागाचे तुकडे सावंतवाडीकडच्या वखारीतून आणतो.

आजवर हे सारे मी 2011 च्या ओम्नीची मागची आसने काढून वाहिले. गेल्या महिन्यात झारापजवळ पुढची एसटी अचानक थांबली, मी ब्रेक दाबला आणि मागचा साठेक किलोचा फणसाचा ओंडका सरकत येऊन थेट माझ्या आसनाच्या पाठीवर आदळला. आसनाची चौकट वाकली आणि माझा उजवा खांदा आठ दिवस वर होत नव्हता. ओंडका बांधलेला नव्हता, ही चूक सर्वस्वी माझीच. परंतु चालक आणि माल यांच्यामध्ये पत्रा नसलेल्या गाडीत पुन्हा लाकूड भरायचे नाही, असे त्या दिवशी घरात ठरले.

महिन्याला साधारण दोन खेपा होतात आणि एका खेपेला चारशे ते सहाशे किलो माल असतो. अंतर वीस ते साठ किलोमीटर असले, तरी शेवटचा अर्धा किलोमीटर बहुधा दोन गडग्यांमधून (दगडी कुंपणांमधून) जाणाऱ्या पाणंदीचा असतो. सहा लाखांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. मारुतीची नवी सुपर कॅरी, टाटाचा नवा छोटा हत्ती आणि महिंद्राची वापरलेली बोलेरो पिकअप असे तीन पर्याय डोळ्यांसमोर आहेत. लांब ओंडक्यांसाठी मोठा हौदा हवा म्हणून मन पिकअपकडे झुकते आहे. लाकूड वाहण्याचा ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वखारीतला यांचे उत्तर

आपला प्रश्न गाडीचा असला तरी त्याचे उत्तर मला लाकडापासून सुरू करावेसे वाटते, कारण कातारी माणसाला लांब ओंडका लागतो हा समजच मुळात तपासून पाहण्यासारखा आहे. सुतार आठ फुटांची फळी मागतो, तेव्हा त्याला लांब हौदा हवा, हे ठीक. आपला सर्वांत मोठा वाडगा किती इंचांचा? अठरा इंचांचा असेल, तर एकवीस-बावीस इंचांपेक्षा लांब तुकडा गाडीत भरण्याचे काही कारण नाही. वरचे तीन-चार इंच टोकांना पडणाऱ्या चिरांसाठी सोडलेले असतात. म्हणजे आपली अडचण लांबीची नसून वजनाची आणि उचलण्याची आहे.

ओल्या आंब्याचे वजन पाण्याच्या आसपास धरा, म्हणजे घनफुटाला अठ्ठावीस किलो. दोन फूट व्यासाचा आणि दोन फूट लांबीचा ओंडका सव्वासहा घनफूट भरतो आणि त्याचे वजन पावणेदोनशे किलोंच्या पुढे जाते. वाळलेल्या सागाचा घनफूट अठराच्या आसपास येतो, हे लक्षात घेतले म्हणजे ओल्या मालात आपण किती पाणी वाहतो याचा अंदाज येईल. असे चार ओंडके ठेवले की छोट्या टेम्पोची भारक्षमता संपते, मग हौद्यात कितीही जागा दिसत असली तरी.

यावर उपाय एकच, आणि तो झाडाखालीच करायचा असतो. चेनसॉने ओंडका लांबीत कापल्यावर त्याच ठिकाणी तो मधोमध उभा फाडावा आणि मधल्या गाभ्याची तीन इंच जाडीची पट्टी काढून टाकावी. चिरा गाभ्यापासूनच निघतात. त्यामुळे ती पट्टी घरी आणून शेवटी चुलीतच जायची असते. उरलेली दोन अर्धुके पंचाहत्तर किलोंच्या आत येतात आणि दोन माणसांना पहार न लावता उचलता येतात. कोपरे तिथेच उडवून तुकडा साधारण गोल केला, तर पन्नासच्या आसपास. त्याच वेळी कापलेल्या टोकांना मेण किंवा जुना ऑइलपेंट फासून घ्यावा. घरी पोहोचल्यावर फासू म्हणणाऱ्यांची मे महिन्यातल्या उन्हात हौद्यातच टोके फुटलेली मी पाहिली आहेत.

गाडी पाहायला जाल तेव्हा इंजिनाच्या आकड्यांआधी जमिनीपासून हौद्याच्या तळापर्यंतची उंची टेपने मोजा. अडीच फूट आणि तीन फूट यांतला फरक कागदावर सहा इंचांचा दिसतो, पण दिवसातून पंधरा वेळा ओले अर्धुक चढवताना तो कमरेला कळतो. फाळका (हौद्याची कड) तिन्ही बाजूंनी उघडतो का, हेही पाहा. पाणंदीत गाडी वळवता येत नाही आणि लाकूड बहुधा ज्या बाजूला नको त्याच बाजूला पडलेले असते.

चाकोरी यांचे उत्तर

माझा रत्नागिरी भागात मालवाहतुकीचा व्यवसाय आहे, त्यामुळे मी कागदांच्या बाजूने लिहितो.

छोट्या मालगाडीची भीती बाळगण्याचे कारण नाही. ज्या मालगाडीचे भरलेल्या अवस्थेतील एकूण वजन 3000 किलोंच्या आत आहे, तिला मोटार वाहन कायद्यानुसार परमिट लागत नाही. कार चालवण्याच्या परवान्यावर 7500 किलोंपर्यंतची मालगाडी चालवता येते का, यावरील वाद बरीच वर्षे न्यायालयांत होता. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये तो चालकांच्या बाजूने निकाली काढला. मात्र पिवळी पाटी लागली की फिटनेस तपासणी येते. नव्या गाडीला पहिली आठ वर्षे ती दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावी लागते. विमाही खासगी गाडीसारखा स्वस्त नसतो. 7500 किलोंपर्यंतच्या मालगाडीचा केवळ त्रयस्थ पक्षाचा विमा 2022 मध्ये ठरलेल्या दराने वर्षाला 16,049 रुपये असून कर त्यावर वेगळा आकारला जातो.

आता हिशेब करू. आमच्याकडे पन्नास-साठ किलोमीटरच्या खेपेला छोटा हत्ती पंधराशे ते दोन हजारांत येतो. महिन्याला दोन खेपा म्हणजे वर्षाला चाळीस-पंचेचाळीस हजार. सहा लाखांची गाडी दारात उभी राहिली की विमा, तपासणी, टायर, सर्व्हिसिंग आणि कर्ज असल्यास त्याचा हप्ता हे सारे खेप झाली किंवा न झाली तरी द्यावेच लागते. नुसत्या लाकडासाठी गाडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ओळखीचा एक टेम्पोवाला धरून ठेवा, त्याला चार पैसे जास्त द्या आणि उरलेल्या रकमेत चांगला चेनसॉ आणि चेनपुली घ्या. वखारीतला यांनी सांगितलेले काम त्यावर होईल.

जास्त भरून एकाच खेपेत उरकण्याचा मोह मात्र टाळा. मर्यादेपेक्षा अधिक भार भरल्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. माल हौद्याबाहेर डोकावत असेल, तर त्याचाही दंड वेगळा वीस हजारांचा आहे. फाळका उघडा टाकून मागे ओंडके काढण्याची आपल्याकडची पद्धत म्हणूनच महागात पडते.

कातारी_कुडाळ यांचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. गाभा झाडाखालीच काढावा, हे मला सहा वर्षांत सुचले नव्हते. मागल्या अंगणात गाभ्याच्या पट्ट्यांची रास पडलेली आहे आणि ती प्रत्येक पट्टी मी पेट्रोल जाळून घरी आणली, हे आता खटकू लागले आहे.

भाड्याच्या गाडीबद्दल मात्र एक अडचण सांगतो, ती चाकोरी यांना नक्कीच परिचयाची असेल. आमच्याकडे झाडे काढण्याचा हंगाम आणि आंब्याचा हंगाम एकाच वेळी येतो. एप्रिल-मेमध्ये तालुक्यातला प्रत्येक टेम्पो पेट्या घेऊन धावत असतो, आणि घरावर झुकलेली झाडे लोकांना मृगाआधी काढून हवी असतात. गेल्या वर्षी मे महिन्यात मला पांगाऱ्याचे चार उत्तम बुंधे मिळाले होते. गाडी मिळेपर्यंत अकरा दिवस गेले. तोवर लाकडात निळसर काळे डाग शिरले होते आणि सालीखाली किडीचा बारीक पिठासारखा भुसा दिसू लागला होता. पांगारा पांढराशुभ्र असतो म्हणूनच त्यावर खेळण्यांचे रंग खुलतात. डागाळल्यावर त्याचा उपयोग उरत नाही. चारपैकी साडेतीन बुंधे मी फेकून दिले.

शिवाय प्रदर्शनाला जाताना तयार माल आणि मांडणीच्या फळ्या न्याव्या लागतात. त्या आठ-दहा फेऱ्यांचा हिशेब मी आधी लिहिला नव्हता, ही माझी चूक झाली.

रेनट्री_ठाणे यांचे उत्तर

मी व्यवसाय म्हणून नव्हे तर छंद म्हणून छोट्या लेथवर काम करते. माझी सगळी वाहतूक एका साध्या हॅचबॅकमधून होते, त्यामुळे गाडीबद्दल सल्ला देण्याचा अधिकार मला नाही, परंतु लाकूड कसे रचावे याबद्दल दोन शब्द लिहिते.

आमच्या सोसायटीत आणि आसपास पावसाळ्यात वर्षावृक्ष पडतात किंवा त्यांच्या फांद्या छाटल्या जातात. शहरात 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा लागू असल्यामुळे तोडीची परवानगी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडून येते, आणि ती आली आहे हे पाहिल्याशिवाय मी कशालाही हात लावत नाही. मिळालेला तुकडा जितका जाड तितका लांब किंवा त्याहून आखूड असेल, तर तो आडवा न ठेवता कापलेल्या तोंडावर उभा ठेवते. उभा ओंडका गडगडत नाही, आणि शेजारी शेजारी दाटीने उभे केले की ते एकमेकांना धरून राहतात. आडवा ठेवावाच लागला, तर दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकून रॅचेटचा पट्टा ओढते. साधी सुती दोरी ओल्या सालीवरून सरकते आणि साल सुटली की ढिली पडते. सर्वांत जड तुकडा नेहमी पुढच्या पत्र्याला भिडवून ठेवावा, म्हणजे ब्रेक लागल्यावर त्याला वेग घ्यायला जागाच मिळत नाही. दादा, आपल्या खांद्याला लागलेला तो साठ किलोंचा ओंडका मागच्या दाराशी ठेवलेला होता, असा माझा तर्क आहे.

कातारी_कुडाळ यांचे उत्तर

ताई, तर्क अगदी बरोबर आहे. उतरवायला सोपा जावा म्हणून तो मागच्या दाराशीच ठेवला होता.

चाकोरी यांचे उत्तर

आंब्याच्या हंगामाचा मुद्दा मान्य. एप्रिलमध्ये माझ्या स्वतःच्या गाड्या मला मिळत नाहीत, तिथे आपल्याला कोण देणार? प्रदर्शनाच्या फेऱ्या धरल्या, तर हिशेबही बदलतो. तेव्हा घ्यायचीच असेल तर काय घ्यावे, ते सांगतो.

आपल्या चारशे ते सहाशे किलोंच्या मालाला सुपर कॅरी किंवा छोटा हत्ती यांपैकी कोणतीही पेट्रोल गाडी पुरते. दोन्हींची भारक्षमता साडेसातशे किलोंच्या आसपास आहे आणि हौदा सुमारे सात फूट लांब व पाच फूट रुंद. सुपर कॅरीमध्ये सीएनजीचा प्रकार घेतल्यास भारक्षमता 740 वरून 625 किलोंवर येते, कारण टाक्यांचे वजन त्यातूनच वजा होते. शहरात पुठ्ठ्याची खोकी वाहणाऱ्याला हा फरक जाणवत नाही. ओले लाकूड वाहणाऱ्याला मात्र तो एका अख्ख्या ओंडक्याइतका पडतो, आणि भरलेली गाडी घेऊन फोंडा घाट चढताना पेट्रोलवरचा जोरही बरा वाटतो. दोन्हींत निवड करायची, तर ज्याचा मेकॅनिक आपल्या गावाजवळ आहे ती घ्यावी, यापलीकडे मी फार खल करणार नाही.

बोलेरो पिकअप तेराशे किलो सहज ओढते आणि खराब रस्त्यावर तिच्यासारखी गाडी नाही, हे खरे. परंतु रिकामी असताना तिचे मागचे पाटे (स्प्रिंग) इतके कडक असतात की प्रदर्शनाला नेलेले आपले पातळ वाडगे भुईबावड्याच्या खड्ड्यांत एकमेकांवर आपटतील. सहा लाखांत मिळणारी पिकअप आठ-दहा वर्षांची असेल, म्हणजे तपासणी दरवर्षी आणि पर्यावरण कर वेगळा. पाहायला गेलातच तर रंगावर जाऊ नका. गाडीखाली आडवे होऊन चासीच्या आडव्या पट्ट्यांवर वेल्डिंगच्या खुणा आहेत का पाहा, पाट्यांत एखादे पान नंतर वाढवलेले आहे का ते मोजा आणि हौद्याचा तळ आतून ठोकून पाहा. दगडी चिरे वाहिलेली गाडी असेल तर ती तिथेच बोलते. आमच्या भागात जुनी पिकअप जांभ्याचे चिरे न वाहता म्हातारी होत नाही.

वखारीतला यांचे उत्तर

एक राहून गेले. गाडी कोणतीही असो, ती लाकडाच्या कागदांशी जुळली पाहिजे. आंबा, फणस, चिंच, जांभूळ ही झाडे खासगी जमिनीत असली तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत, म्हणून तोडीची परवानगी मालकाच्या हातात असल्याशिवाय चेनसॉ सुरू करू नये. त्यानंतर वाहतुकीचा प्रश्न येतो. ज्या जातीला वन नियमावलीप्रमाणे वाहतूक परवाना लागतो, त्या परवान्यावर गाडीचा क्रमांक असतो. एका गाडीच्या नावाने परवाना आणि माल दुसऱ्याच टेम्पोत, असे भाड्याच्या गाडीबाबत ऐन वेळी घडते आणि नाक्यावर अडकल्यावर तिथे कोणाचेच काही चालत नाही. स्वतःची गाडी असण्याचा हा एक फायदा चाकोरी यांनी हिशेबात धरला नव्हता. अर्ज आता राष्ट्रीय संगणकीय प्रणालीवर करता येतो. ती डिसेंबर 2023 मध्ये देशभर सुरू झाली. कोणत्या जातीला परवाना लागतो आणि कोणत्या जातीला सूट आहे, हे मात्र आपल्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारून घ्यावे. लाकडाचे गोल तुकडे केले म्हणजे ते लाकूड राहिले नाही, असा युक्तिवाद कोणी शिकवला तर त्यावर विसंबू नका.

कातारी_कुडाळ यांचे उत्तर

सर्वांचे पुन्हा आभार. काल टेप घेऊन निघालो आणि ज्या तीन वाड्यांतून मला सर्वाधिक लाकूड मिळते, तिथल्या पाणंदी मोजून आलो. सर्वांत अरुंद पाणंद दोन गडग्यांमध्ये पाच फूट दहा इंच भरली, तीही एका ठिकाणी चिरा बाहेर आलेला असल्यामुळे. पिकअपची रुंदी पावणेसहा फुटांच्या जवळ जाते, म्हणजे आरसे दुमडूनही दोन्ही बाजूंना जेमतेम इंच-दीड इंच उरेल. सुपर कॅरी पाच फूट दीड इंच आणि छोटा हत्ती पाच फुटांच्या आत. त्यामुळे पिकअपचा विषय तिथेच संपला.

दुपारी शोरूममध्ये जाऊन दोन्ही गाड्यांच्या हौद्यांची उंची मोजली. विक्रेत्याला वाटले, मी टपरी टाकणार आहे. सोबत घरातले पन्नास किलोंचे तांदळाचे पोते नेले होते, ते मी आणि मुलाने दोन्ही गाड्यांत प्रत्येकी पाच वेळा चढवून-उतरवून पाहिले. सुपर कॅरीची पेट्रोल गाडी नोंदवली आहे. हौद्याच्या पुढच्या जाळीला आतून जाड प्लायवूड लावून घेणार आहे आणि पट्टे अडकवण्यासाठी कड्या पुरेशा आहेत का, ते गाडी हातात आल्यावर पाहीन.

चाकोरी, पुढच्या एप्रिलमध्ये आपल्याला गाडी कमी पडली, तर मात्र माझ्याकडे मागू नका.